एक गाठ राहिली

नीताने नाशिकच्या कॉलेजला परत जाताना जुना लॅपटॉप आईपाशी ठेवला आणि सांगितलं, दुपारी मालिका बघण्यापेक्षा पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिक. पायथन म्हणजे अजगर, हे कळल्यावर मोखाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने तो लॅपटॉप पुढच्याच एसटीने परत धाडला असता. रंजनाताई डगमगल्या नाहीत. शंकराच्या गळ्यात नाग असतो, तेव्हा अजगर हे काही परकं कुळ नव्हे, असं ठरवून त्यांनी सोमवार गाठून सुरुवात केली.

व्हिडिओतल्या बाई पहिल्या धड्यात सगळ्यांना जगाला नमस्कार घालायला लावत. रंजनाताईंनी आधी गणपतीला घातला, मग जगाला. (जग थांबू शकतं, गणपती थांबवू शकतो.) त्याच बाई प्रत्येक धड्याच्या शेवटी 'बॅकअप ठेवा' असं बजावत. तेवढं रंजनाताई पुढे सरकवून टाकत. जे यंत्र चुकतच नाही, त्याला बॅकअप कशाला?

त्याच सुमारास त्यांनी सोळा सोमवार धरले होते. नीताचं शेवटचं वर्ष, तिला नोकरी लागावी म्हणून. सोळा सोमवार उपास आणि सतराव्याला पाच शेर कणकेचा चुरमा करून उद्यापन. त्यात एकही सोमवार कमी पडता कामा नये.

अडचण मोजण्याची होती. रंजनाताईंच्या आईची शिकवण अशी की, व्रताचे दिवस आपण आपल्या बोटांवर मोजू नयेत, मोजलेलं पुण्य आटतं. आजवरची मोजणी त्यांचे यजमान सुदर्शनराव करत. ते क्लार्क, आकड्यांत मुरलेले. मागच्या खेपेला त्यांनी बायकोला अठरा सोमवार उपाशी ठेवलं होतं. या वेळी रंजनाताईंनी ते काम कॉम्प्युटरवर सोपवलं. पाप लागलंच तर अजगराला लागेल.

एव्हाना त्या लूपपर्यंत पोचल्या होत्या. लूप म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. (हे त्यांना शिकवावं लागलं नाही, त्या बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या.) पहिल्या सोमवारची तारीख दिली, एक ते सोळा असं लिहिलं, दर खेपेला तारीख लिही, सात दिवस मिळव आणि सगळ्यात शेवटी पुढच्या सोमवारची तारीख टाकून 'उद्यापन' असं लिही. बटण दाबताच जपमाळेचे मणी सरकावेत तशा तारखा खाली उतरल्या. किती उतरल्या ते रंजनाताईंनी अर्थातच मोजलं नाही. शेवटची तारीख घेतली आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर चाळीस जणींना आमंत्रण धाडून दिलं.

सुदर्शनरावांनी चाचरत विचारलं, जरा लवकर नाही का होत?

"अहो, तुमच्या मोजणीत सोमवार लांबतात. माझ्यात नाही," रंजनाताई म्हणाल्या. सुदर्शनरावांना ते अठरा आठवले आणि ते पेपरात शिरले.

उद्यापनाच्या सकाळी ओटा चुरम्याने भरला, तुपाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि खोडाळ्याच्या जीपमधून सासूबाई उतरल्या. गोजाबाई अजून पाड्यावरच्या घरी राहत आणि नागलीचं शेत स्वतः निंदत. त्यांच्या हातात एक सुताची दोरी होती. पूर्वी त्यांच्याकडे लग्नाचं आवतण म्हणून गाठी मारलेली दोरी पाठवत. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की लग्नाला निघायचं. सुनेने व्रत धरलं त्या दिवशी गोजाबाईंनी सोळा गाठी मारल्या होत्या आणि दर सोमवारी संध्याकाळी एक सोडली होती.

त्यांनी दोरी पुढे धरली. तिच्यावर एक गाठ होती.

"ही कोणाची गो?" त्यांनी विचारलं.

रंजनाताई मायेने हसल्या. सत्तरीत एखादा सोमवार विसरायचाच. त्या हळुवार म्हणाल्या, "आई, कॉम्प्युटर चुकत नाही."

"नसंल चुकत. दोरी बी चुकत नाय. दोघांत एक जण खोटं बोलतोय, आन् दोरीला तर तोंडच नाय."

सुदर्शनरावांनी लॅपटॉप उघडून उद्यापनाआधीच्या तारखा मोजल्या. पंधरा. पुन्हा मोजल्या. (या वेळी त्यांचा हिशेब बरोबर होता, आणि तो चेहऱ्यावरही दिसत होता.) गुरुवारी नीताची मुलाखत, आणि रंजनाताई सोळावा उपास मोडायला निघाल्या होत्या. त्यांनी नीताला फोन लावला.

काय लिहिलंस ते नीताने वाचायला लावलं, आणि मग थोडा वेळ फोनमधून दाबलेल्या हसण्याचा आवाज आला. "आई, तो सोळाच्या दारापर्यंत जातो, आत जात नाही. सोळा हवे असतील तर सतरा लिहावं लागतं."

"सोळा सांगितलं तर सोळा का नाही करत?"

"तो तसाच आहे गं."

सुदर्शनरावांबद्दल सासूबाईंनी रंजनाताईंना लग्नाच्या पहिल्याच वर्षी नेमकं हेच उत्तर दिलं होतं.

सकाळपासून तोंडात काही घातलंस का, गोजाबाईंनी विचारलं. नव्हतं घातलं. नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून चुरम्याचा कणही जिभेवर गेला नव्हता. आणखी तासाभराने पान वाढलं असतं आणि सगळं संपलं असतं. उपास शाबूत होता. प्रश्न उरला चाळीस जणींचा, आणि त्या चपला काढत होत्या.

आजारी पडल्याचं सांगू या, सुदर्शनराव कुजबुजले. रंजनाताईंनी पदर खोचला, दारात उभं राहून हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, "या. आज सोळावा सोमवार. उद्यापन पुढच्या सोमवारी आहे. आजची रंगीत तालीम."

तालीम बायकांनी मन लावून केली. पाच शेरांतली चिमूट उरली नाही. रंजनाताई वाढत राहिल्या, आणि संध्याकाळी पूजेनंतर ती शेवटची गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली. निघताना शेजारच्या पुतळीबाई कानाशी म्हणाल्या, "ताई, पुढचं व्रतही कॉम्प्युटरलाच सांगा. जेवण दोनदा होतं."

पुढच्या सोमवारी पुन्हा पाच शेर झाले. चाळीस जणी पुन्हा आल्या, शिवाय पहिल्या खेपेला न जमलेल्या दोघी. त्याच आठवड्यात नीताला मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं.

आता रंजनाताईंनी एकवीस मंगळवार धरले आहेत. प्रोग्रॅममध्ये बावीस लिहिलंय, आणि ते का लिहायचं हे त्या मंडळातल्या बायकांना ठासून समजावतात. परवा सुदर्शनरावांना लॅपटॉपच्या बॅगेच्या कडीला एक गाठी मारलेली दोरी बांधलेली दिसली. हे काय, असं त्यांनी विचारलं.

रंजनाताईंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"बॅकअप."