अर्थ नसलेल्या चित्राची तपासणी

चित्र ही मुळातच धोकादायक वस्तू आहे, कारण लोक ते बघतात. म्हणून जुन्या जपानातल्या एदो शहरात लाकडी ठशावरून छापायच्या प्रत्येक चित्रावर तपासनिसाची गोल मोहोर लागे. मोहोर म्हणजे या चित्राला काही अर्थ नाही, अशी सरकारी हमी. (पुढे अर्थ निघालाच, तर तपासनिसाच्या हातात बेड्या. मागचा तपासनीस सध्या घरी बसून बायकोच्या हातून भात खात होता.)

गिहेई तपासनिसांना स्वतःच्या हाताने जेवायची फार आवड. त्यामुळे प्रकाशक ओताकीबाईंनी पाऊस, पूल, छत्रीवाला म्हातारा आणि फांदीवर कावळा असं चित्र पुढे ठेवताच त्यांनी भुवई चढवली.

"हा कावळा कोण?"

"कावळाच की हो, साहेब!"

"प्रधानजी काळे कपडे घालतात, बाई."

"अगंबाई! माझ्या नव्हतं हो डोक्यात. आता आलं."

गिहेईंनी कारागिराला हाक मारली. ठशावरून कावळा तासला. मग फांदी रिकामी दिसू लागली, म्हणजे कोणीतरी गेल्याचा आनंद. फांदीही तासली. पाऊस वरून येतो, आणि वरून आलेल्या गोष्टीपुढे रयतेने छत्री उघडणं हा उद्धटपणाच. म्हातारा, छत्री, पाऊस, सगळं गेलं. पुलाचं पलीकडचं टोक धुक्यात होतं, म्हणजे राज्याच्या भवितव्याबद्दल शंका. पूलही गेला.

उरलं करडं आभाळ.

"जरा उदास वाटतंय," गिहेई म्हणाले.

"उजळ करू?"

"नको. एवढा आनंद कसला, असं विचारतील."

शेवटी मोहोर कोपऱ्यात लपवल्यासारखी दिसू नये, म्हणून त्यांनी ती मधोमध लावायला सांगितली आणि निर्धास्तपणे जेवायला गेले.

चित्रावर लोकांच्या उड्या पडल्या. मासळीवाल्यापासून सामुराईपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं: मोकळं आभाळ, त्यात एकटाच चंद्र. हुबेहूब प्रधानजी! सगळ्यांना हाकललं, आता बसलेत एकटे.

रीतसर चौकशी झाली. चित्रात एकच वस्तू होती आणि ती गिहेईंची होती. ओताकीबाई सुटल्या. गिहेईंना बेड्या पडल्या.

बाई भेटायला आल्या, तेव्हा गिहेईंची बायको त्यांना घास भरवत होती. "साहेब, हात फार चांगला हो तुमचा," बाई म्हणाल्या. "पुढचं चित्र कधी देताय?"

गोष्ट जुनी आहे, जपानची आहे, आणि तिला काहीही अर्थ नाही, याची आम्ही हमी देतो. तरीही प्रधानजींचा उल्लेख येताच आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला. तो आम्ही काढलेला नाही. कुणी काढला, एवढं चौकीवर येऊन सांगून जावं.