रांगेतली गिटार

केयूरने पहिल्या बोनसमधून आणलेली निळी इलेक्ट्रिक गिटार पाहताच आपल्या पोराला कुणीतरी टोपी घातली हे मधुसूदनरावांच्या तत्काळ ध्यानात आलं. रंगाचे टवके उडालेले, कोपर टेकायच्या जागी लाकूड उघडं पडलेलं, स्क्रूंवर गंज. उभी नोकरी वैजापूरच्या तहसील कचेरीत जप्तीचा माल तपासण्यात काढलेल्या माणसाला वापरलेला माल ओळखता येणार नाही तर कुणाला? पण गिटारीच्या वेडावरून बापलेकांत बरीच वर्षं धुसफूस चालली होती आणि आत्ता कुठे केयूर संध्याकाळचा चहा घेऊन त्यांच्याशेजारी बाल्कनीत बसू लागला होता. त्या चहाला त्यांना दृष्ट लागू द्यायची नव्हती.

म्हणून केयूर कंपनीच्या कामासाठी आठवडाभर पुण्याला गेला तेव्हा त्यांनी गुपचूप गिटार नवी करून ठेवायचं ठरवलं. बजाजनगरात शिवशंकर नावाचा पेंटर मोटारसायकलच्या टाक्या रंगवायचा. "लई हाल केले हो हिचे," असं हळहळत त्यानं गिटार ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी परत दिली ती इतकी चकचकीत, की मधुसूदनरावांना तिच्यात स्वतःचं टक्कल स्पष्ट दिसलं.

"आता दगड मारा, टवका उडायचा नाय," शिवशंकरनं ग्वाही दिली.

त्याच संध्याकाळी केयूरचा आईला फोन आला. गिटारीला कुणाला हात लावू देऊ नकोस, असं त्यानं बजावलं आणि कारणही सांगितलं. ते टवके, तो गंज, सगळं कारखान्यातले कारागीर मुद्दाम हातानं करतात, आणि त्याचेच जास्त पैसे पडतात. मीनाक्षीबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही महागाची वस्तू स्वस्त करून आणलीत."

पोराच्या पँटी दुकानातूनच गुडघ्यावर फाटून येतात हे मधुसूदनरावांना आता आठवलं, पण वरातीमागून घोडं आणून काय उपयोग. आता चहा संपला, बाल्कनी संपली, हेच त्यांच्या डोक्यात फिरू लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ते नवी गिटार जुनी करायला लागले. काथ्यानं घासून पाहिली, किल्ल्यांच्या जुडग्यानं बदडली, खोबऱ्याची किसणीही फिरवली. शिवशंकरचा रंग ढिम्म. शेवटी ते त्याच्याकडेच गेले, तर तो दुखावला. स्वतःच्या हातानं स्वतःचं काम नासवणाऱ्यातला तो नव्हता.

केयूर यायच्या आदल्या दिवशी ते इमारतीमागच्या कुंपणाच्या भिंतीवर गिटार घासत होते, तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. त्या दुष्काळी सालात शहराच्या कडेला, त्यांच्या सातारा परिसरात इमारती भराभर वर चढत होत्या, पाणी मात्र बुधवार-शनिवार सकाळच्या टँकरनंच यायचं. भोंगा वाजला की हातात असेल ते रांगेत ठेवून नंबर धरायचा आणि भांडी आणायला पळायचं, हा तिथला रिवाज. वीट, चप्पल, फुटकी बादली, काहीही चाले. डोकं काही म्हणायच्या आत मधुसूदनरावांच्या सवयीच्या हातांनी गिटार रांगेत ठेवली आणि पाय जिन्याकडे धावले.

कॅन शोधून, लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं ते खाली आले तेव्हा गिटार रांगेच्या तोंडाशी पोचली होती. शेजारच्या प्लॉटवर शेळ्या राखणाऱ्या सुगंधाबाईच्या हाती रांगेचा सगळा कारभार असे.

"साहेब, तुमचा नंबर म्या जाऊ दिला नाय," ती अभिमानानं म्हणाली. "लाईन सरकली की तुमचं हे बी समद्यांनी पायानं सरकवलं."

पायानं सरकवलं होतं, हंड्यांच्या काठांनी ढकललं होतं, वर कुणी घागरही टेकवली होती. दगडाला न जुमानणारा रंग बायकांच्या घाईपुढे हरला होता. टवके भरपूर उडाले होते, पण एकही जुन्या जागी नव्हता.

दुसऱ्या दिवशी केयूरनं गिटारीची पेटी उघडली आणि तो बघतच राहिला. मधुसूदनरावांना खोटं बोलवेना. त्यांनी रंगापासून रांगेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

केयूरनं गिटार स्पीकरला जोडून एक सूर छेडला. गिटार ठणठणीत होती. मग तो हसायला लागला, ते थांबेचना. त्याच्या बँडमधल्या पुंडलिकनं हेच मॉडेल घेतलं होतं, आणि दोन्ही गिटारींवर अगदी त्याच जागी तेच टवके! मागच्या कार्यक्रमात लोक हसले होते.

"बाबा, असे टवके जगात कुणाकडे नसतील," तो म्हणाला आणि त्यानं तिथूनच पुंडलिकला फोन लावला. बाबांच्या ओळखीतले कारागीर आहेत, फार गर्दी असते, नंबर लावावा लागतो, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत होता. मीनाक्षीबाई हसू दाबत चहाचे कप घेऊन बाल्कनीत आल्या.

मधुसूदनरावांनी लेकाच्या हातातून फोन घेतला.

"बुधवारी सकाळी ये," ते म्हणाले. "आणि घरून दोन रिकामे कॅन आण."