कुणीही काका म्हणायचं नाही!

"सावद्यात चार मुलखांच्या भाषा जाणणारा माणूस एकच, आणि तो मी!" असं तोतारामभाऊ सांगायचे. ऐकणारा उठायला लागला, की त्याचं उपरणं धरून पुन्हा सांगायचे!

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. भाऊंच्या केळीच्या बागा. त्यामुळे निम्मं आयुष्य स्टेशनवर वॅगनी भरण्यात गेलेलं. तिथे दिल्लीचे व्यापारी यायचे, सुरतेचे दलाल यायचे, आणि तारबाबू तर थेट मलबारातून आलेला. प्रत्येकाकडून भाऊ शब्द गोळा करायचे. त्यातला त्यांचा लाडका शब्द 'काका'.

"आपल्याकडे काका म्हणजे बापाचा भाऊ. गुजरातेत तोच. पंजाबात गेलात की काका म्हणजे तान्हं पोर! आणि तारबाबूच्या गावी काका म्हणजे कावळा! शब्द तोच, पण गाडी बदलली की माणसाचा कावळा होतो!"

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात या विद्येची परीक्षा आली. दिल्लीचे बन्सीलाल नावाचे मोठे व्यापारी भाऊंचा माल बघायला पहिल्यांदाच येणार होते. मूळचे लाहोरचे, फाळणीत सगळं सोडून आलेले. आधी घरी जेवण, मग बाग, मग सौदा, असं ठरलं होतं. सौदा झाल्याशिवाय केळीला कोयता लावायचा नाही, ही सगळ्या गावाची रीत. पण भाऊंना दम कुठला? त्यांनी सकाळीच घड उतरवायला लावले!

"अहो, माणूस अजून गाडीत बसलाय, आणि तुम्ही बाग कापली?" शेवंताबाई, म्हणजे भाऊंची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली.

"सौदा झाल्यातच जमा आहे! माझ्या जिभेवर विश्वास नाही का तुझा?"

शेवंताबाईला एवढंच कळत होतं, की माल संध्याकाळच्या वॅगनीत चढला नाही, तर वर्षाची मेहनत गुरांपुढे टाकावी लागणार. घडांच्या राखणीला भाऊंनी भिकुफुईला मळ्यात धाडलं होतं. ही त्यांची म्हातारी आत्या, धुळ्याकडे दिलेली, नवरा गेल्यावर भाच्याकडे राहायला आलेली.

बाकी सगळ्यांना, शेजाऱ्यांनासुद्धा, भाऊंनी ओसरीवर बसवलं आणि फर्मान काढलं, "पाव्हण्याला कुणीही काका म्हणायचं नाही! एवढ्या मोठ्या माणसाला तान्हं पोर म्हटलं, तर तो उठून जाईल!"

"मंग भाऊ म्हनू?" धाकटा भाऊ लोटन म्हणाला.

"भौ भौ म्हणजे तिकडे कुत्र्याचं भुंकणं!"

"दादा?"

"तिकडे बापाच्या बापाला म्हणतात. म्हातारा केलास त्याला!"

"नाना?"

"आईचा बाप!"

"मंग आबा म्हन्तो."

"अब्बा म्हणजे तर सख्खा बाप! शोभतोस का तू त्याचा पोरगा?"

लोटन घाम पुसायला लागला. शेवंताबाईने शेठ सुचवलं आणि स्वतःच मागे घेतलं. शेठ दुकानात. घरी पानावर बसलेल्याला कुणी शेठ म्हणतं का?

"मंग त्याले म्हनू तरी काय?" लोटन रडकुंडीला आला.

"काहीही म्हणू नका! चूक होण्यापेक्षा गप्प बसा. मी सांभाळतो!"

भाऊंनी हे ठासून सांगितलं, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्या खानदेशात नातं लावल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही. 'या' म्हणायचं तर 'या आबा', 'घ्या' म्हणायचं तर 'घ्या भाऊ'. नातं काढून घेतलं, की जीभच काढून घेतल्यासारखं होतं!

बन्सीलाल आले. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, चेहरा हसरा. लोटनने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि मागे बघितलंच नाही. आजवर वाटेने जाणाऱ्याचीही चौकशी करणारे शेजारी दारात आले, हात जोडून गेले. कुणी गाव विचारलं नाही की मुलंबाळं विचारली नाहीत. बन्सीलालांचं हसू हळूहळू मावळलं.

पानं मांडली. शेवंताबाईने पहाटेपासून खपून खापरावरचे मांडे केले होते, भरीत केलं होतं. पाहुण्यांनी एक मांडा खाल्ला आणि रीतीप्रमाणे हात आखडून आग्रहाची वाट बघत बसले. शेवंताबाई मांडा हातात घेऊन पुढे झाली. ओठ हलले. काय म्हणून वाढायचं? तिने नवऱ्याकडे बघितलं. भाऊंनी डोळे वटारले! ती मांडा घेऊन तशीच आत गेली. आणि सगळ्यांच्या तोंडावर पहारा ठेवण्याच्या नादात भाऊ स्वतः आग्रह करायचं साफ विसरले.

पाहुणे अर्धपोटी उठले. हात धुतले, टोपी घातली.

"आप? बगीचा?" भाऊ धावले.

"रहने दीजिए, तोतारामजी. जिस घर में किसी को हमसे बोलना भी गवारा नहीं, वहाँ सौदा क्या करें?"

भाऊंच्या पायाखालची जमीन सरकली! चार मुलखांच्या भाषा येत होत्या, पण त्या घटकेला एकीतलाही शब्द सापडेना. बन्सीलाल पायऱ्या उतरले. शेवंताबाईने पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भिकुफुई दिसली. घड झाकायला आणखी पानं हवीत, हे सांगायला ती मळ्यातून आली होती. फर्मान निघालं तेव्हा ती नव्हती. आणि फुईच्या तोंडी तर सगळेच पुरुष काका! पोस्टमन काका, कीर्तनकार काका, मारका बैलसुद्धा काका!

तिने डोळ्यांवर हात धरून पाहुण्याकडे बघितलं आणि कुठे निघालास म्हणून हटकलंच. "कथा चालना रे काका? जेवन करं का? तोंड कसं सुकी गयं तुनं!"

भाऊंनी डोळे गच्च मिटून घेतले.

पण पावलं पुढे वाजेनात. त्यांनी एक डोळा उघडला. बन्सीलाल गल्लीत थबकून उभे होते, आणि पांढऱ्या मिशा थरथरत होत्या.

"अम्मा, क्या कहा? फिर से कहो."

"काका म्हंतं! भूक्या पोटे जाऊ नको, चाल घरमां!"

"काका तो मुझे माँ कहती थी," ते कसेबसे म्हणाले. "इतना बड़ा हो गया था, तब भी. वो उधर ही रह गई."

फुईला हिंदीतलं किती कळलं कोण जाणे, पण रडणारं लेकरू तिला कळलं. तिने हाताला धरून त्यांना परत पाटावर बसवलं. "खाय काका, आखो एक खाय!" असं म्हणत तिने मांड्यामागून मांडा वाढला आणि धिप्पाड बन्सीलाल खाली मान घालून निमूट खात राहिले. शेवंताबाई तूप वाढताना रडत होती. गप्प राहायला कुणी सांगितलं होतं, हे आठवून भाऊंना मनापासून लाज वाटली.

ती फार टिकली नाही. संध्याकाळी सगळा माल वॅगनीत चढला आणि भाऊंना पुन्हा स्फुरण चढलं. 'शब्दाचं गुपित तर मलाच ठाऊक होतं!' निश्चय झाला. गाडी सुटायच्या वेळी, सगळे हमाल, व्यापारी आणि तारबाबू बघत असताना भाऊ छाती काढून पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "फिर आना, काका!"

बन्सीलालांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून भाऊंचा गालगुच्चा घेतला. "ज़रूर आऊँगा, काका!"

फलाट हसून लोळला! मलबारी तारबाबू तर टेबल सोडून बाहेर येऊन हसत होता.

तेव्हापासून सगळं सावदा तोतारामभाऊंना काकाच म्हणतं. कोणत्या भाषेतलं, हे मात्र ते आजवर कुणालाच विचारू शकलेले नाहीत!