ट्रायचोच्या गळ्यात मेतोदीचा टाय

"या वेळी फोटो मीच करणार, आणि असा करणार की गाव थांबून बघेल!" वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या वर्गात वेलिच्काने जाहीर करून टाकलं.

तिचा संताप रास्त होता. नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी श्रद्धांजलीचे कागद गावभर लागले, त्यांवर छापखान्यातल्या पोरीने ओळखपत्रावरचा फोटो टाकला होता. भल्या माणसाचा पार खिसेकापू करून ठेवला! आता त्याला जाऊन सहा महिने झाल्याचे कागद लागायचे होते. एकदा तरी ट्रायचो चारचौघांत सभ्य दिसावा, एवढंच तिला हवं होतं. पण त्याच्या एकुलत्या एक हसऱ्या फोटोत तो नुसत्या बनियनवर मिरच्या भाजत होता!

तीन बुधवार ती माऊसशी भांडली. शिकवणारी रालित्सा तिच्या नातीच्या वयाची.

"आजी, डोक्याभोवती रेघ फिरवा. हळू... आजी, कान राहिला!"

"राहू दे! त्या कानाने त्याने माझं कधी ऐकलं?"

डोकं निघालं. आता सूट हवा. धाकट्या दिराचा, मेतोदीचा, लग्नातला फोटो तिने उघडला आणि एका झटक्यात त्याचं मुंडकं उडवलं. तीस वर्षांची हौस फिटली! त्या सुटावर ट्रायचोचं डोकं बसलं. मग तिला चेवच चढला. गालावरचा मस गेला, सुरकुत्या गेल्या, टकलावर केस उगवले. एका बटणात दहा वर्षं जातात म्हटल्यावर थांबायचं कशाला?

शनिवारी सकाळी फाटकावर, झाडांवर, बसथांब्यावर कागद लागले. दहाच्या सुमाराला मेतोदी दार न वाजवताच आत घुसला.

"वहिनी! मला गळ्यापर्यंत पुरलंत तुम्ही!"

"काय झालं ओरडायला?"

"माझा सूट मेलेल्या माणसाच्या अंगावर? सकाळपासून तीन बायका माझ्या बायकोच्या हातात मयताला देतात तशी दोन-दोन फुलं देऊन रडून गेल्या! दार मी उघडलं, तर एक किंचाळली!"

"सूट तुमच्या भावालाच घातलाय ना, भावजी? एवढा जीव जळतो?"

"भाऊ? हा कुठला भाऊ? कोट माझा, टाय माझा, खिशातला रुमालसुद्धा माझा! लोक रुमाल ओळखतात, तोंड कुणी ओळखत नाही!"

आणि तो कागद फाडत सुटला! असा कागद गावात कुणी फाडत नाही; वाऱ्यापावसाने जायचा तेव्हा जातो. वेलिच्का शिव्या देत त्याच्या मागे धावली. बसथांब्याजवळ दोघी बायका कागद वाचत होत्या.

"ट्रायचो पेत्कोव... कोण गं हा?"

"बाहेरगावचा असेल. नट होता वाटतं."

वेलिच्का जागीच थांबली. तिला मेतोदीचा राग आला, रालित्साचा आला, त्या मेल्या बटणाचा तर फारच आला. मग नवऱ्यालाच चार शब्द सुनवावेत म्हणून तिने कागदाकडे बघितलं, पण तोंडातून शब्द फुटेना. कारण या माणसाशी ती आयुष्यात एकदाही भांडली नव्हती. डोळे भरून आले, त्याचाही तिला रागच आला. तिने स्वतःच्या हाताने तो कागद ओरबाडून काढला.

अर्ध्या तासात छापखान्याच्या टेबलावर तिने मिरच्यांचा फोटो आपटला. "जसा आहे तसा छाप! डोक्यावर एक केस वाढवलास तर बघ!"

दुपारी ती पुन्हा निघाली. मेतोदीचा भरवसा नव्हता, म्हणून मागच्या खोपटातली शिडी काढली आणि चौकातल्या झाडावर, कुणाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर बनियनवाला ट्रायचो चिकटवू लागली. खालून पाववाली स्टोइला चालली होती. ती थबकली.

"अगं बाई! हा तर ट्रायचो!"

"ओळखलंस?" वेलिच्का शिडीवरच वळली.

"न ओळखायला काय झालं? मेल्याने दोन वर्षांमागे माझी शिडी नेली ती नेलीच! दहा वेळा मागितली, दहा वेळा 'उद्या' म्हणाला! लबाड कुठला!" बोलता बोलता स्टोइलाची नजर झाडावरून खाली सरकली. "आणि काय गं, तू उभी आहेस ती कुणाची? उतर! उतर आधी!"

"डिंक वाळू दे, मग उतरते!" वेलिच्का वरूनच ओरडली. "तोवर घाल की त्याला अजून शिव्या!"