अंदमानचं ठिकाण

भाचीची सोयरीक थेट अंदमानला जमतेय आणि मामाला कुणी विचारलंही नाही, ही बातमी दादाभाऊंना आळ्याच्या बाजारात वांगी निवडताना समजली. सांगणारी ठकूबाई होती. ती येडगावात दादाभाऊंच्या बहिणीच्या शेजारीच राहायची, त्यामुळे तिच्याकडे बारीकसारीक तपशीलही होता.

"दोन ठिकाणं बघितलीत," ती म्हणाली. "एक लई मोठं हाय, पन तिथं मानसांची गर्दी. दुसरं बारकं, दोनच मानसं. पोरीच्या मनात मोठं हाय म्हनं."

ठकूबाई खोटं बोलत नव्हती. हौशीरामांनी, म्हणजे दादाभाऊंच्या मेव्हण्यांनी, डेअरीवर दूध घालताना हेच शब्द उच्चारले होते. फक्त ती ठिकाणं लग्नाची नव्हती. भाची हर्षालीला पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं शास्त्र शिकायचं होतं, आणि नुसतं हौसेपुरतं नाही. दुसऱ्यांना शिकवण्याइतकं पक्कं. येडगाव धरणाच्या काठावर त्यांचं रान होतं. पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं की बुडी मारून ते मोकळं करायचं काम ती शाळेत असल्यापासून करत आली होती. ओतूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर तिनं आळेफाट्याच्या सायबर कॅफेत बसून अंदमानच्या एका बेटावरची दोन शिक्षणकेंद्रं शोधून काढली आणि दोन्हीकडे घरचा फोन नंबर कळवला. मोठ्या केंद्राचे रंगीत फोटो होते, बोटी होत्या, हसणारी माणसं होती. लहान केंद्र नौदलातून निवृत्त झालेला थॉमस म्हणून कुणी चालवत होता, आणि त्याचं पत्र चार ओळींचं. महिना झाला, हर्षालीचं कुठलं ते ठरत नव्हतं. आणि या शनिवारपर्यंत कळवलं नाही तर हंगामाच्या जागा भरणार होत्या.

यातलं काहीच दादाभाऊंना ठाऊक नव्हतं. वांगी तशीच टोपलीत टाकून त्यांनी एम-एटीला किक मारली. वाटभर एकच विचार: जिथून माणसं परत येत नव्हती तिथं पोरगी द्यायची, आणि अक्षता टाकायला तेवढं मामाला बोलवायचं.

येडगावच्या घरी बहीण एकटीच होती. हौशीराम रानात पाण्याच्या मोटारीवर गेले होते, हर्षाली फाट्याला. दादाभाऊंनी तोंड उघडायच्या आधीच इंद्रायणीबाई म्हणाल्या, "बस दादा, दूध नासलंय, शेजारनं घेऊन आले," आणि वाटी घेऊन बाहेर पडल्या. त्या गेल्या आणि फोन वाजला.

पलीकडून एक गंभीर आवाज हिंदीत म्हणाला की तो अंदमानहून बोलतोय, आणि हर्षालीच्या घरचं कुणी आहे का. दादाभाऊ सावरून बसले. म्हणाले, "मैं मामा. बोलो."

गंभीर आवाजानं विचारलं, मुलीचं वजन किती.

दादाभाऊंना वाटलं, लाईन खराब असेल. पण आवाज स्वच्छ होता. त्यानं पुढं उंची विचारली. मग कान कधी फुटला होता का, दमा आहे का, कधी चक्कर येऊन पडली का, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का. प्रत्येक प्रश्नागणिक दादाभाऊंचा चेहरा तांबडा होत गेला. मुलगी बघायला आलेले पाव्हणे चालून दाखव म्हणतात, रांधता येतं का विचारतात, हे त्यांनी पाहिलं होतं. हे वेगळं होतं. शेवटी आवाज म्हणाला, "और दांत? दांत सब असली हैं?"

"भैंस लेने का है," दादाभाऊ म्हणाले, "तो बेल्हे के बाजार में जाव. हमारी पोरगी नहीं मिलेगी." आणि त्यांनी फोन ठेवला.

इंद्रायणीबाई दूध घेऊन आल्या तेव्हा ते ओट्यावर शांत बसले होते. म्हणाले, सोयरीक मोडली, आणि मीच मोडली, वाईट वाटून घेऊ नकोस. कुणाची सोयरीक, असं बहिणीनं विचारल्यावर सगळा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. चहा उकळायच्या आतच झाला. तेवढ्यात हर्षाली आली. सगळं ऐकून, फोन थॉमसचाच होता, एवढं तिनं सांगितलं आणि भिंतीला टेकून बसली. मामाला शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, असं ते बसणं होतं.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. या वेळी दादाभाऊंनी कुणाला उठू दिलं नाही. झालेलं नुकसान त्यांनाच भरून काढायचं होतं. फोन मोठ्या केंद्राचा होता, बोलणारी बाई गोड होती. दादाभाऊंनी तिला न विचारताच सांगून टाकलं की मुलीचं वजन बावन्न किलो, दमा नाही, दात सगळे असली. बाई हसली. म्हणाली, त्याची काही गरज नाही, कधीही या. आल्यावर फक्त एका कागदावर सही करायची, की काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आपली.

दादाभाऊ खूश होऊन आत आले. "लई चांगली मानसं हायेत. काय बी इचारत नाय," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला.

हर्षालीनं मान वर केली.

"मामा, तुमी म्हैस घेताना दात बघता ना?"

"बघावंच लागत्यात."

"मग मला साठ फूट पान्याखाली न्यायचंय, हवेची नळी दातांतच धरायचीय, आन् ह्यांना काहीच बघायचं नाय?"

महिनाभर न सुटलेली गोष्ट अशी सुटली. हर्षालीनं थॉमसचा नंबर फिरवला आणि फोन मामाच्या हातात दिला. ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं, असं इंद्रायणीबाईंचं मत पडलं.

थॉमसनं माफी अर्धीच ऐकून घेतली. ज्या घरात मुलीसाठी एवढं भांडणारं माणूस आहे, तिथली मुलगी शिस्तीची असणार, एवढंच तो म्हणाला. आणि फॉर्म पहिल्यापासून विचारू लागला. दादाभाऊ उभ्यानं उत्तरं देत होते. वजन, कान, छाती. दातांपाशी आल्यावर त्यांनी हर्षालीला तोंड उघडायला लावलं आणि एकदा मोजून घेतले. हौशीराम एव्हाना रानातून परतून दारात उभे होते, त्यांना काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही.

"आखरी सवाल," थॉमस म्हणाला. "गहरे पानी का डर?"

दादाभाऊंनी बहिणीकडे बघितलं, मग मेव्हण्याकडे.

"किसको?" त्यांनी विचारलं. "उसको, की हमको?"

"उसको."

"तो फिर नहीं लिखो," दादाभाऊ म्हणाले.