गुणवंतकाकांचं सौंसर

गुणवंतकाकांच्या घरापासून दारूचं दुकान दोनशे पावलांवर आहे. तरीही काका प्यायला पांढुर्ण्याहून सौंसरला जातात, आणि पायी जातात. पस्तीसेक किलोमीटर. महिन्यातला एक इतवार ठरलेला. पहाटे निघायचं, शेताशिवारातून चालत दुपारी तीनला पोचायचं, तीन ठिकाणी एकेक ग्लास घ्यायचा आणि साडेपाचच्या बसने परत.

त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांवर ऑइलपेंटने नावं लिहिली आहेत. डाव्यावर पांढुर्णा, उजव्यावर सौंसर. "पायाले माहीत असलं पायजे, कुठून कुठं जाऊन राहिला," असं ते सांगतात. परतीचं काय म्हणून विचारलं, तर म्हणतात, "परत याले बस आहे ना बाप्पा."

हे सगळं अनसूयाकाकूंमुळे सुरू झालं. काकू नदीपलीकडच्या सावरगावच्या, बोललेलं मागे घेणाऱ्या नव्हेत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी बजावलं, "पांढुर्ण्यात थेंब नाही घ्यायचा. प्यायचीच असंन तं सौंसरला जा. अन् पायी जा." त्यांना वाटलं, सुटली दारू. काका पुढच्याच इतवारी पायी निघाले. मग काकूंचा जीव राहिना. त्या दुपारची बस धरून डबा घेऊन सौंसरला गेल्या. नवरा स्टँडवर बाकावर सापडला. दोघांनी तिथेच भाकरी खाल्ली आणि शेजारी शेजारी बसून घरी आले. पुढल्या महिन्यात पुन्हा तसंच. अशी वीस-बावीस वर्षं गेली. दोघांचं फिरायला जाणं म्हणाल तर तेवढंच.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. काकांचं सौंसर मात्र चुकलं नाही.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. कोपऱ्यावरच्या शाळेतही मी गाडीने जातो. पण मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर निघालो. चालायची हौस नव्हती. काकांना एक गोष्ट सांगायची होती आणि सौंसर यायच्या आत ती सांगायचीच, असं मी ठरवलं होतं.

काकूंचा तो शेवटचा इतवार. दुपारची बस आली नव्हती. काकू डबा घेऊन माझ्या फाटकाशी उभ्या राहिल्या. "मास्तर, गाडीनं सोडून देता का सौंसरला? हे वाट पाहतीन." मी नुकताच जेवून आडवा झालो होतो. म्हणालो, "गाडी पंक्चर आहे, काकू." त्या बरं म्हणून गेल्या. पुढचा इतवार त्यांनी पाहिला नाही.

गाडी पंक्चर नव्हती.

अंधारात चेहरा दिसत नाही तोवर बोलून टाकावं, म्हणून मी गावाबाहेर पडताच सुरुवात केली. "काका, एक सांगायचं होतं..."

"तोंड बंद ठेव. नाकानं श्वास घे. मोहगावपर्यंत टिकायचं आहे तुले."

उजाडल्यावर संत्र्याच्या बागा लागल्या आणि बोलायची सोयच उरली नाही. काकांनी जन्मभर बागांचे सौदे जमवले. झाडाखालून एक चक्कर मारली की फळं किती ते सांगायचे. काम सुटलं, डोळा सुटला नाही. "हे सातशे. हे साडेचारशे, पाणी कमी देलं याले. हे..."

"काका, मी काय म्हणत होतो..."

"थांब लेका, आकडा चुकते."

एका बागेतून मालक ओरडला, "काका, नजर लावून राहिले का माह्या झाडाले?"

"नजर कायची लावतो? दोन फांद्यांले टेकू लाव. मोडतीन परवा."

वाटेतल्या मोहगावच्या अलीकडे काकांचा गुडघा सुजला. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. एक टेम्पोवाला थांबला. मी चढायला पाय उचललादेखील. काका काठी टेकत पुढे गेले. "बसलो तं आजचा घोट हराम. पायानं कमावलं पायजे, मास्तर." मी पाय खाली घेतला. आपण एकदा तरी काही पुरं करावं, असं वाटलं.

सौंसरला पोचायला चार वाजले. पहिल्या ठिकाणी काकांनी उभ्यानेच ग्लास संपवला. दुसऱ्या ठिकाणी एसी होता, तिथे त्यांनी बूट काढून पाय गार केले. वेटरनेही पाय जवळ घ्या म्हटलं नाही, नुसतं टेबल सरकवलं. तिसरा ढाबा. तिथले फुटाणे चावून ते म्हणाले, "मऊ पडले. मालकाचं लक्ष नाही." मी तिन्हीकडे लिंबूसोडा प्यायलो. तिसऱ्या सोड्यावर धीर करून तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. "इथं रडगाणं नाही. थे स्टँडवर."

स्टँडवर ते एका ठरलेल्या बाकावर बसले. पांढुर्ण्याची बस आली, हीच साडेपाचला परत जाणार होती. काका उठून दाराशी गेले. उतरणाऱ्या एकेका माणसाकडे त्यांनी पाहिलं. शेवटची बाई पोराला घेऊन उतरली, तिच्या मागेही थोडं पाहिलं. मग आत चढले. खिडकी सोडून बसले.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फाटक, डबा, पंक्चर.

"माहीत आहे मले," काका म्हणाले. "त्याच दिवशी तुही काकू बोलली."

"त्यांना कसं कळलं?"

"पाच वाजता तू त्याच गाडीवर दूध आणाले गेला. थे दारातच बसून होती, डबा मांडीवर."

माझ्याने मान वर होईना. "मग तुम्ही तीन वर्षं काही बोलले नाही, काका?"

"थे म्हणे, मास्तराले बोलू नका. लाजंन बिचारा." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "बस तिकडं. उभा काहून राहिला?"

मी त्यांचे गुडघे ओलांडून खिडकीशी बसलो. बस सुटली. गावाबाहेर आल्यावर काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात पायी नको येऊ. तुह्याच्यानं होत नाही. काकूच्याच दुपारच्या बसनं ये. डबा घेऊन."

"भाकरी ज्वारीची आणू का?" मी विचारलं.

"थे पाहू मंग. पयले तू सौंसरला बसमधून उतर तं खरा."