विमलताईंच्या स्वप्नातली बाळं

वर्तकनगरला माझ्या शेजारी राहणाऱ्या विमलताईंच्या स्वप्नात लोकांची न जन्मलेली बाळं येतात, आणि येतात ती भुकेलीच.

"काल सातव्या महिन्यातलं एक आलेलं," सकाळी गॅलरीत केस विंचरता विंचरता त्या सांगतात. "शेवग्याची भाजी मागत होतं. काय गोड होतं गं!" बोलताना नजर अशी लांब कुठेतरी लागलेली, की मीसुद्धा नकळत सरकून त्या बाळाला बसायला जागा करते.

ताई अंगणवाडी सेविका होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी वागळे इस्टेटमागच्या टेकडीवरच्या वस्तीत अजून रोज दुपारी जातात. गरोदर बाई दिसली की तिच्या दारात बसायचं, डबा उघडायचा आणि बाळाचा निरोप सांगायचा. कोणाचं नाचणीची भाकरी मागतं, कोणाचं घट्ट वरण. लोहाच्या गोळ्या मागणारंही एक निघालं. "हुशार होणार ते," ताई म्हणाल्या.

तिथल्या सुनीताला सहावा लागला तरी ती काडीसारखी. सासू, कौसल्याबाई, तिला अर्धीच भाकरी वाढायच्या. दुष्टपणा नव्हता, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, ही भीती. डॉक्टरांनी समजावलं, ताईंनी समजावलं. बाई ऐकेनात.

एका दुपारी मी बरोबर गेलेले. सगळी वस्ती उन्हात पेंगत होती. ताई कौसल्याबाईंना म्हणाल्या, "तुमचं नातवंड आलेलं काल. रुसलंय."

"कोणावर?"

"आजीवर. अंडं देत नाही म्हणे."

"काहीतरीच तुमचं!" कौसल्याबाई फणकारल्या. मग थोड्या वेळानं हळूच, "दिसायला कसं होतं?"

"नाक तुमचं."

कौसल्याबाईंनी स्वतःचं नाक चाचपलं.

टेकडी उतरताना मी विचारलं, "ताई, खरंच दिसतात?"

"लोकांची दिसतात," त्या म्हणाल्या. "माझी दोन गेली, ती मात्र कधी आली नाहीत."

मी त्यांच्या हातातला रिकामा डबा माझ्याकडे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात रोज अंडं उकडायला लागलं. भाकरीही पुरी झाली. सुनीताच्या गालावर रंग आला, आणि दिवस भरल्यावर चांगली गुटगुटीत मुलगी झाली.

बारशाला आम्हाला बोलावणं होतं. ताई दाराबाहेरच थांबल्या. "तू जा आत. अशा कार्यात मी नको."

कौसल्याबाईंनी ते ऐकलं आणि त्या बाहेर आल्या. "पोरीला आत्या नाही. कानात नाव तुम्ही सांगायचं." आणि हाताला धरून त्यांनी ताईंना आत नेलं.

ताई पाळण्यावर वाकल्या. कानात नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हसत हात उगारले. पण ताई उठेचनात. गाल बाळाच्या गालाशी, डोळे मिटलेले, खांदे हलताहेत. उगारलेले हात तसेच थांबले. मग कौसल्याबाईंचा हात खाली आला आणि त्या पाठीवरून हलकेच फिरू लागला.